एकांड्यांची सोसायटी

नॅशनल कार्टूनिस्ट्स सोसायटी ही अमेरिकेतील व्यावसायिक व्यंगचित्रकारांची संघटना १ मार्च १९४६ रोजी न्यूयॉर्कमध्ये स्थापन झाली. जगातील ती पहिली नव्हे. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या वृत्तपत्रांतून रेखाचित्रे काढणाऱ्यांनी १९२४ मध्येच आपला क्लब काढला होता, आणि तो आजही ऑस्ट्रेलियन कार्टूनिस्ट्स असोसिएशन या नावाने चालू आहे. पण वृत्तपत्रातील चित्रमालिकेचा धंदा अमेरिकेत जेवढा फोफावला तेवढा दुसरीकडे क्वचितच. त्यामुळे या व्यवसायातले बहुतेक सगळे पेच अमेरिकी सोसायटीच्या वाटचालीत स्पष्ट दिसतात. निर्माण केलेल्या पात्रावर हक्क कोणाचा, स्त्रियांना बरोबरीने बसू द्यायचे की नाही, सेन्सॉरशिपचे सावट आले तर कोणाच्या बाजूने उभे राहायचे, हे प्रश्न तिच्यापुढे एकामागून एक आले. सोसायटीने आरंभीच एक गोष्ट ठरवून टाकली होती: ती स्नेह्यांचे मंडळ राहील, कामगार संघ होणार नाही. तिला पुढे जे साधले आणि जे साधले नाही, त्या दोहोंची मुळे या निर्णयात आहेत.

वृत्तपत्रीय चित्रमालिकेचा उदय आणि मालकीचा झगडा जवळजवळ एकाच वेळी सुरू झाले. रिचर्ड आउटकॉल्ट यांचा पिवळ्या झग्यातला पोरगा, 'यलो किड', १८९५ मध्ये जोसेफ पुलित्झर यांच्या 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मधून गाजू लागला. वर्षभरात विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांनी आउटकॉल्टना आपल्या पत्रात ओढले. पण 'वर्ल्ड'ने जॉर्ज लक्स या दुसऱ्या चित्रकाराकडून तोच पोरगा काढून घेणे चालू ठेवले. एकच पात्र दोन प्रतिस्पर्धी पत्रांत नांदू लागले. त्याला जन्म देणाऱ्याला ते थांबवता आले नाही. १९०७ मध्ये 'मट अँड जेफ'चे बड फिशर यांनी मात्र सावधपणे आपल्याच नावाने कॉपीराइट नोंदवला आणि त्या एका दक्षतेवर ते गडगंज श्रीमंत झाले. फिशर यांचे उदाहरण पुढची कित्येक वर्षे अपवादच राहिले.

पुढे सिंडिकेटची पद्धत पक्की झाली. हर्स्ट यांचे 'किंग फीचर्स' १९१५ मध्ये स्थापन झाले, इतरही अनेक निघाले. सिंडिकेट म्हणजे चित्रकार आणि वृत्तपत्रे यांच्यामधला घाऊक विक्रेता. चित्रकाराने काही आठवड्यांची चित्रे आगाऊ तयार करून द्यायची, सिंडिकेटने ती देशभरच्या पत्रांना भाड्याने पुरवायची आणि येणारा पैसा बहुधा निम्मा निम्मा वाटून घ्यायचा. शेकडो पत्रांत मालिका लागली तर चित्रकाराला मोठी कमाई होई. मात्र करारात पात्रांची मालकी सिंडिकेटची असे. चित्रकार आजारी पडला, भांडला किंवा मेला, तरी मालिका दुसऱ्याच्या हातून चालू राही. 'द गम्प्स' या लोकप्रिय मालिकेचे कर्ते सिडनी स्मिथ १९३५ मध्ये मोटार अपघातात गेले, तेव्हा सिंडिकेटने ती गस एडसन यांच्याकडे सोपवली. हे एडसन पुढे सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक झाले.

या धंद्यातला माणूस बहुतेक वेळ एकटाच असे. घरातल्या टेबलाशी बसून दिवसाला एक पट्टी आणि आठवड्याला एक रंगीत रविवार-पान पुरे करायचे, सुट्टी घ्यायची झाली तर आधी जास्तीचे काम उरकून ठेवायचे. लाखो वाचक ही चित्रे ओळखत, पण ती काढणारे चित्रकार मात्र एकमेकांना क्वचितच भेटत. त्यांना एकत्र आणले ते दुसऱ्या महायुद्धाने.

१९४३ मध्ये एडसन, ऑटो सोग्लो, क्लॅरन्स डी. रसेल, बॉब डन आदी मंडळी सैनिकांच्या करमणुकीसाठी 'चॉक टॉक' करू लागली. मोठ्या कागदासमोर उभे राहून बोलता बोलता चित्र काढायचे, त्यातून हशा पिकवायचा आणि चित्र पुरे झाले की प्रेक्षकांतल्या कोणाला तरी देऊन टाकायचे, असा हा प्रकार. अमेरिकी रंगमंचावर तो विसाव्या शतकाच्या आरंभापासून रुळलेला होता. टोनी मेंडेझ या माजी नर्तिका आणि नृत्यदिग्दर्शिकेने या मंडळींना अमेरिकन थिएटर विंग या संस्थेच्या रुग्णालय समितीकडे आणले. स्टेटन आयलंडवरच्या हॅलोरन रुग्णालयात जखमी सैनिकांसमोर पहिला कार्यक्रम झाला आणि मग मिल्टन कॅनिफ, रूब गोल्डबर्ग, अर्नी बुशमिलर, बिल होल्मन अशी नामवंत मंडळीही येऊन मिळाली. आगगाडीने, बसने आणि अखेरीस लष्करी मालवाहू विमानांनी ही टोळी पूर्वेकडच्या आणि दक्षिणेकडच्या तळांवर फिरली. वर्षानुवर्षे एकट्याने काम केलेल्या माणसांना प्रवासात, बराकींत आणि जेवणाच्या टेबलांवर आपल्यासारखे दुसरे भेटले. संघटनेच्या स्थापनेत युद्धापेक्षाही या सहवासाचा वाटा मोठा आहे.

अशाच एका विमानप्रवासात रसेल यांनी गोल्डबर्ग यांच्यापुढे कल्पना मांडली, की युद्ध संपल्यावरही आपण भेटत राहावे, क्लब काढावा. गोल्डबर्ग यांनी नकार दिला. तेव्हा ते साठीला आलेले होते आणि या क्षेत्रातले सर्वांत वजनदार नाव त्यांचे होते. १८८३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या गोल्डबर्ग यांनी खाण-अभियांत्रिकीची पदवी घेतली, काही काळ शहराच्या पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण खात्यात नोकरी केली आणि मग ती सोडून व्यंगचित्रे काढायला घेतली. साध्या कामासाठी अवाढव्य गुंतागुंतीचे यंत्र दाखवणारी त्यांची चित्रे इतकी प्रसिद्ध होती, की त्यांचे नाव इंग्रजी शब्दकोशात विशेषण म्हणून दाखल झाले होते. त्यांच्याशिवाय संघटनेला वजन आले नसते. रसेल यांनी पाठपुरावा सोडला नाही आणि गोल्डबर्ग यांचे मन वळले.

१ मार्च १९४६ हा शुक्रवार होता. संध्याकाळी सात वाजता मॅनहॅटनमधील पूर्व ५२ व्या रस्त्यावरच्या 'बारबरी रूम' या रेस्टॉरंटमध्ये २६ व्यंगचित्रकार जमले. जेवणानंतर मतदान झाले. गोल्डबर्ग अध्यक्ष, रसेल पॅटरसन उपाध्यक्ष, क्लॅरन्स रसेल सचिव आणि कॅनिफ खजिनदार झाले. नाव ठरले नुसते 'कार्टूनिस्ट्स सोसायटी'. 'नॅशनल' हा शब्द थोड्याच काळात पुढे जोडला गेला. पहिल्या सदस्यांत चित्रमालिकावाले बहुसंख्य होते, पण संपादकीय पानावरचे राजकीय व्यंगचित्रकार, मासिकांत सुटी हास्यचित्रे काढणारे आणि क्रीडापानावरचे चित्रकारही होते. कॉमिक पुस्तकांच्या जगातून आलेले एक नाव होते जो शुस्टर. सुपरमॅनचे सहनिर्माते असलेल्या शुस्टर यांनी १९३८ मध्ये लेखक जेरी सीगल यांच्यासह पहिल्या कथेसकट त्या पात्राचे सर्व हक्क १३० डॉलरना विकून टाकले होते.

सोसायटीने कामगार संघाचा मार्ग का टाळला, याची कारणे या यादीतच आहेत. एका टेबलावर वर्षाला लाखभर डॉलर कमावणारे आणि भाडे कसेबसे भरणारे असे दोघेही बसले होते. त्यांचे हितसंबंध एक नव्हते. शिवाय बहुतेक जण कायद्याने कोणाचे नोकर नव्हते, स्वतंत्र कंत्राटदार होते. अशा लोकांनी एकत्र येऊन दर ठरवले, तर अमेरिकेच्या मक्तेदारीविरोधी कायद्याचा बडगा त्यांच्यावरच येऊ शकत असे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, युद्धकाळात जी मैत्री जमली होती तीच त्यांना टिकवायची होती. म्हणून सोसायटीने करार, दर आणि कॉपीराइट हे विषय सदस्यांवर सोडले. ते ज्याने त्याने एकट्याने लढवले. त्या लढाया सोसायटीबाहेर झाल्या, पण लढणारे बहुतेक सोसायटीतलेच होते.

त्यांत कॅनिफ यांचे पाऊल सर्वांत धाडसी. 'टेरी अँड द पायरेट्स' ही त्यांची मालिका कीर्तीच्या शिखरावर होती, पण तिच्यावर त्यांची मालकी नव्हती. १९४६ च्या अखेरीस त्यांनी ती सोडली आणि १३ जानेवारी १९४७ रोजी 'स्टीव्ह कॅनियन' ही स्वतःच्या मालकीची नवी मालिका सुरू केली. तिचे एकही चित्र कोणी पाहिलेले नसताना केवळ त्यांच्या नावावर अनेक पत्रांनी ती आधीच घेतली होती. रॉय क्रेन यांनी १९४३ मध्येच असाच बदल करून 'बझ सॉयर' सुरू केली होती. 'लिल अ‍ॅबनर'चे अल कॅप यांनी तर १९४७ मध्ये आपल्या सिंडिकेटवर १ कोटी ४० लाख डॉलरचा दावा ठोकला आणि मालिकेचे हक्क मिळवले. क्रेन यांचा बझ सॉयर, अ‍ॅलेक्स रेमंड यांचे रिप कर्बी आणि फ्लॅश गॉर्डन मराठी वाचकांना अनोळखी नाहीत. मुंबईच्या टाइम्स समूहाने १९६४ पासून काढलेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून वेताळ आणि मँड्रेकबरोबर ते इकडेही पोहोचले होते. रेमंड १९५० च्या सुमारास सोसायटीचे अध्यक्ष होते.

सोसायटी बाहेर ओळखली जाऊ लागली ती मुख्यतः तिच्या पुरस्कारामुळे. 'बार्नी गूगल'चे कर्ते बिली डिबेक १९४२ मध्ये वारले होते. त्यांच्या पत्नी मेरी यांनी त्यांच्या स्मरणार्थ वर्षातील सर्वोत्तम व्यंगचित्रकाराला डिबेक यांची पात्रे कोरलेली चांदीची सिगारेटपेटी द्यायला सुरुवात केली. १९४६ चा पहिला मान कॅनिफ यांना मिळाला, आणि तोही ज्या 'टेरी'वर पाणी सोडून ते निघून गेले होते तिच्यासाठी. १९५३ मध्ये मेरी विमान अपघातात मरण पावल्या. मग सोसायटीने १९५४ पासून गोल्डबर्ग यांच्या मूळ नावावरून 'रूबेन' पुरस्कार सुरू केला. त्याची मूर्ती गोल्डबर्ग यांनीच घडवलेल्या एका शिल्पावरून घेतली आहे: एकमेकांवर तोल सांभाळत चढलेले कसरतपटू आणि सर्वांत वर शाईची बाटली. चार्ल्स शुल्झ यांना तो १९५५ आणि १९६४ असा दोनदा मिळाला, राजकीय व्यंगचित्रकार हर्बर्ट ब्लॉक यांना १९५६ मध्ये, इंग्लंडच्या रोनाल्ड सर्ल यांना १९६० मध्ये. खुद्द गोल्डबर्ग यांना तो १९६७ मध्ये, वयाच्या ८४ व्या वर्षी देण्यात आला. या पुरस्काराचे मोल रकमेत नाही. तो समव्यावसायिकांच्या मतांनी ठरतो. ज्याचे काम एरवी रोज छापले जाते आणि दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते, अशा माणसाला त्याच्या बरोबरीच्यांनी दिलेली ती पावती असते.

पण ही पावती द्यायला जमलेले सगळे पुरुष होते. पहिली तीन-चार वर्षे सोसायटीत स्त्रियांना प्रवेशच नव्हता. कारण काय, तर बायका असल्या तर मोकळेपणाने बोलता आणि शिव्या देता येणार नाहीत. हा दंडक करताना जिच्या मेहनतीवर ही मंडळी एकत्र आली त्या टोनी मेंडेझही बाहेरच राहिल्या, ही गोष्ट नजरेआड करण्याजोगी नाही. आणि या क्षेत्रात स्त्रिया नव्हत्या असे मुळीच नाही. एडविना डम यांनी तर अमेरिकेत स्त्रियांना देशभर मताधिकार मिळण्यापूर्वीच, १९१५ मध्ये, ओहायोतल्या 'कोलंबस मॉनिटर' या पत्रात पूर्णवेळ राजकीय व्यंगचित्रकार म्हणून काम सुरू केले होते. डेल मेसिक यांची 'ब्रेंडा स्टार' १९४० पासून गाजत होती. मेसिक यांचे मूळ नाव डेलिया. संपादक बाईचे काम न पाहताच परत पाठवतात, असा अनुभव आल्यावर त्यांनी पुरुषाचेही वाटेल असे नाव घेतले.

१९४९ मध्ये 'टीना' या मालिकेच्या हिल्डा टेरी यांनी सोसायटीला पत्र लिहिले. त्यांचे पती ग्रेगरी डालेसिओ हे स्वतः सदस्य होते. पत्रातला मुद्दा थेट होता: तुम्हाला पुरुषांचाच क्लब चालवायचा असेल तर खुशाल चालवा, पण मग नावात तसे लिहा. सगळ्या देशाच्या व्यंगचित्रकारांच्या नावाने वावरायचे आणि स्त्री व्यंगचित्रकारांना मात्र त्यातून वगळायचे, याने त्यांचे व्यावसायिक नुकसान होते. टेरी यांचा अर्ज फेटाळला गेला. अल कॅप यांनी निषेध म्हणून राजीनामा दिला, वाद चिघळला, आणि १९५० मध्ये सोसायटीला दार उघडावे लागले. हिल्डा टेरी, एडविना डम आणि मासिकांतून चित्रे काढणाऱ्या बार्बरा शर्मंड या पहिल्या स्त्री सदस्यांत होत्या. पत्रव्यवहार आणि मतदान एवढ्या सनदशीर मार्गाने मिळवलेला हा विजय सोसायटीच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा म्हणायला हवा. तरी त्यानंतर रूबेन पुरस्कार एका स्त्रीला मिळायला आणखी ३५ वर्षे लागली. १९८५ सालचा पुरस्कार 'फॉर बेटर ऑर फॉर वर्स' या मालिकेच्या लिन जॉन्स्टन यांना मिळाला. त्या कॅनडाच्या होत्या, आणि पुढे सोसायटीच्या पहिल्या महिला अध्यक्षही झाल्या. खुद्द टेरी यांनी मालिका संपल्यावर क्रीडांगणांवरील संगणकीय धावफलकांसाठी चलचित्रे करण्याचे नवे काम शिकून घेतले, आणि त्यासाठी सोसायटीने त्यांचा सन्मान केला.

१९५० च्या दशकात सोसायटीची खरी कसोटी लागली. फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाने कॉमिक पुस्तकांमुळे मुले बिघडतात असा प्रचार चालवला होता. १९५४ मध्ये सिनेटच्या बालगुन्हेगारी उपसमितीने न्यूयॉर्कमध्ये सुनावणी घेतली. रोष मुख्यतः रक्तपात आणि भयकथांच्या स्वस्त पुस्तकांवर होता, पण लोकांच्या मनात कॉमिक पुस्तक आणि वृत्तपत्रातली मालिका यांत फारसा भेद नव्हता. त्या वेळचे अध्यक्ष वॉल्ट केली, कॅनिफ आणि जो म्यूझिअल हे सोसायटीच्या वतीने उपसमितीसमोर हजर झाले. नवा सेन्सॉर कायदा नको ही त्यांची भूमिका होती आणि ती योग्यच होती. पण त्याबरोबर वृत्तपत्रीय मालिका संपादकांच्या नजरेखालून जातात, घराघरांतून वाचल्या जातात, म्हणून त्या वेगळ्या, हेही त्यांनी ठसवले. कॉमिक पुस्तकांचे चित्रकार सोसायटीत होते, तरी त्यांच्या बचावाला कोणी उभे राहिले नाही. त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर 'कॉमिक्स कोड' लादून घेतला, भयकथांची मासिके बंद पडली आणि अनेक चित्रकारांची रोजीरोटी गेली. सोसायटीने तेव्हा एकसंध भूमिका घेतली असती तर निकाल बदलला असता असे नाही. तरी आपल्यातल्या कमी प्रतिष्ठितांना तिने त्या दिवशी दूर ठेवले, हे नोंदवायलाच हवे.

पुढच्याच वर्षी दुसरे अवघड प्रकरण दारात आले. 'जो पालूका'चे हॅम फिशर हे संस्थापक-सदस्य. अल कॅप एके काळी त्यांचे साहाय्यक होते. दोघांचे वैर जुने आणि जाहीर होते. कॅप यांच्या 'लिल अ‍ॅबनर'मध्ये अश्लील मजकूर दडलेला आहे, असे दाखवणाऱ्या चित्रांच्या प्रती सरकारी अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचल्या; त्यांत फेरफार केला होता. संशय फिशर यांच्यावर होता. सोसायटीने चौकशी केली आणि १९५५ च्या आरंभी फिशर यांना व्यावसायिक सभ्यतेच्या भंगाबद्दल सदस्यत्वातून निलंबित केले. वर्षअखेरीस त्यांनी आत्महत्या केली. मैत्रीवर उभारलेल्या संघटनेला आपल्याच संस्थापकावर अशी कारवाई करावी लागली, याचा सल जुन्या सदस्यांना दीर्घकाळ राहिला.

या काळात सोसायटीचे सार्वजनिक काम मात्र जोमाने चालू होते. १९४९ मध्ये सरकारी बचतरोख्यांच्या प्रचारासाठी सदस्य शहरोशहरी फिरले. १९५६ मध्ये ९५ व्यंगचित्रकारांनी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यावर काढलेल्या चित्रांचे पुस्तक याच मोहिमेसाठी निघाले. सैनिकी रुग्णालयांच्या भेटी तर कधी थांबल्याच नाहीत. १९६७ मध्ये सोसायटीने व्हिएतनामला पाठवलेल्या सहा जणांत 'वी पॅल्स'चे मॉरी टर्नर होते. निरनिराळ्या वंशांची मुले एकत्र खेळताना दाखवणारी मालिका वृत्तपत्रांत आणणारे ते कृष्णवर्णीय चित्रकार होते. तिथल्या २७ दिवसांत त्यांनी सैनिकांची ३,००० हून अधिक अर्कचित्रे काढली. अडचणीत सापडलेल्या व्यंगचित्रकारांसाठी मिल्ट ग्रॉस यांच्या नावे निधी उभा राहिला. पुढे त्याच प्रवाहातून सोसायटीचे धर्मादाय प्रतिष्ठान तयार झाले. ते आज विद्यार्थ्यांना जे केनेडी यांच्या स्मरणार्थ शिष्यवृत्तीही देते.

१९५७ मध्ये राजकीय व्यंगचित्रकारांनी आपली स्वतंत्र संघटना काढली, असोसिएशन ऑफ अमेरिकन एडिटोरियल कार्टूनिस्ट्स. 'आर्मी टाइम्स'चे जॉन स्टॅम्पोन यांचा त्यात पुढाकार होता. ही फूट भांडणातून झाली नाही, कामाच्या स्वरूपातून झाली. संपादकीय पानावरचा चित्रकार सामान्यतः एका पत्राचा पगारी नोकर असतो. त्याला रोजच्या बातमीवर भाष्य करायचे असते आणि त्याचा संघर्ष सिंडिकेटशी नसून स्वतःच्या संपादकाशी व मालकाशी असतो. मालिकावाल्यांच्या मेजवान्यांत त्याच्या प्रश्नांना जागा नव्हती. दोन्ही गटांतली दरी १९७५ मध्ये पुन्हा दिसली. गॅरी ट्रूडो यांच्या 'डून्सबरी'ला राजकीय व्यंगचित्राचे पुलित्झर पारितोषिक मिळाले, तेव्हा मालिकेला हे पारितोषिक कसे, म्हणून राजकीय व्यंगचित्रकारांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. दोन्ही संघटनांचे अध्यक्षपद भूषवलेले एकच चित्रकार झाले, जेरी रॉबिन्सन. तरुणपणी ते 'बॅटमॅन' रेखाटणाऱ्या चमूत होते.

आणि याच रॉबिन्सन यांनी संघटनेने एरवी टाळलेले काम करून दाखवले. १९७५ मध्ये सुपरमॅनवर मोठा चित्रपट निघणार होता. संस्थापक-सदस्य जो शुस्टर तेव्हा जवळजवळ अंध झाले होते आणि हलाखीत जगत होते; सीगल कारकुनी करत होते. सीगल यांनी आपली कैफियत वृत्तपत्रांकडे धाडली. ती वाचून चित्रकार नील अ‍ॅडम्स आणि रॉबिन्सन पुढे सरसावले. रॉबिन्सन यांनी व्यंगचित्रकारांच्या व लेखकांच्या संघटनांचा पाठिंबा मिळवला, दूरचित्रवाणी आणि पत्रकार परिषदांतून प्रश्न गाजवला आणि सुपरमॅनचे हक्क असलेल्या कंपनीशी वाटाघाटी केल्या. वर्षअखेरीस समझोता झाला. दोघांना वर्षाला २०,००० डॉलर मिळणार होते आणि सुपरमॅनच्या प्रत्येक आविष्कारावर निर्माते म्हणून त्यांची नावे येणार होती. पैशापेक्षा नावासाठी रॉबिन्सन यांनी अधिक हट्ट धरला. हक्क मात्र परत मिळाले नाहीत. तरीही व्यंगचित्रकार एकत्र उभे राहिले तर काय होऊ शकते, याचा इतका स्पष्ट पुरावा त्याआधी मिळाला नव्हता.

मालकीचा मूळ प्रश्न सुटू लागला तो १९८० च्या दशकात, आणि तोही पुन्हा संघटनेमुळे नव्हे. १९८७ मध्ये क्रिएटर्स सिंडिकेट निघाले. चित्रकाराचे हक्क चित्रकाराकडेच ठेवायचे, हे त्याचे घोषित तत्त्व. स्पर्धेमुळे इतरांनाही करार सैल करावे लागले. 'कॅल्व्हिन अँड हॉब्स'चे बिल वॉटरसन यांना १९८६ आणि १९८८ चा रूबेन मिळाला होता, पण त्यांची मोठी लढाई एकट्याची होती. पात्रांच्या बाहुल्या आणि कपबशा निघू नयेत म्हणून ते वर्षानुवर्षे आपल्या सिंडिकेटशी झगडले आणि १९९१ मध्ये नव्या करारात त्यांनी तो अधिकार मिळवला. १९८९ मध्ये ओहायोतल्या भाषणात त्यांनी आपल्याच व्यवसायबंधूंना बोल लावला, की मालिकांची जागा आकसत असताना आणि सिंडिकेटे हक्क गिळत असताना चित्रकार गप्प बसले.

आकसण्याचे ते चक्र थांबले नाही. एके काळी पानाच्या रुंदीइतक्या छापल्या जाणाऱ्या मालिका हळूहळू बोटभर उंचीच्या झाल्या. मग वृत्तपत्रेच आकसली. २०१२ पर्यंत अमेरिकी पत्रांत पगारावर असलेल्या राजकीय व्यंगचित्रकारांची संख्या चाळिसाच्या आत आली होती. २०१९ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने आपल्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीतील दैनंदिन राजकीय व्यंगचित्र बंद केले. २०२२ मध्ये ली एंटरप्रायझेस या साखळीने आपल्या अनेक पत्रांतील व्यंगचित्रांचे पान कापून एकसारखे केले. जुलै २०२३ मध्ये मॅक्लॅची साखळीने पुलित्झर मिळवलेल्या तीन व्यंगचित्रकारांना एकाच दिवशी कामावरून कमी केले.

सोसायटीने या बदलांशी जुळवून घ्यायचा प्रयत्न केला. चलचित्रे, जाहिरात, शुभेच्छापत्रे, मुलांची पुस्तके, चित्रकादंबऱ्या यांच्यासाठी पुरस्कारांचे वेगळे विभाग होत गेले, आणि पुढे इंटरनेटवर प्रसिद्ध होणाऱ्या मालिकांसाठीही विभाग आला. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातील हंटिंग्टन बीच येथे तिने आपला वार्षिक मेळावा सर्वांसाठी खुल्या उत्सवाच्या रूपात भरवला. २०२० चा रूबेन 'कर्टिस'चे रे बिलिंग्सली यांना मिळाला. त्या पुरस्काराचे ते पहिले कृष्णवर्णीय मानकरी. टोनी मेंडेझ यांची कागदपत्रे ओहायो स्टेट विद्यापीठाच्या बिली आयर्लंड व्यंगचित्र ग्रंथालयात जतन केलेली आहेत. कॅनिफ यांच्या संग्रहाच्या देणगीतून १९७७ मध्ये सुरू झालेले हे ग्रंथालय आता या विषयातले जगातले सर्वांत मोठे मानले जाते.

सोसायटीचे सदस्य आज सुमारे ५०० आहेत. सदस्यत्वाची मुख्य अट अशी, की अर्जदाराने मागची किमान तीन वर्षे आपल्या उत्पन्नाचा मोठा भाग व्यंगचित्रांतून कमावलेला असावा. पूर्वी ही अट हौशी मंडळींना बाहेर ठेवण्यापुरती होती. आता पूर्ण वेळ याच कामावर जगणाऱ्यांची संख्या घटत चालली आहे, त्यामुळे नव्या पिढीतल्या चित्रकाराला ती पुरी करणे पूर्वीपेक्षा कठीण जाते.